एका मुलीचे प्रगतिपुस्तक

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील शार्लट्सव्हिल या शहरात व्हेनेबल नावाची एक प्राथमिक शाळा होती. त्या शाळेच्या जुन्या दप्तरात व्हिव्हियन नावाच्या एका विद्यार्थिनीचे गुण नोंदलेले आढळतात. सप्टेंबर १९३० ते मे १९३२ एवढीच चार सत्रे ती त्या शाळेत होती. वर्तणूक चांगली, बहुतेक विषयांत मध्यम, गणितात थोडी कच्ची, आणि एप्रिल १९३१ मध्ये शाळेच्या गुणवंतांच्या यादीत नाव. तुमच्या-आमच्या घरांतल्या मुलांची प्रगतिपुस्तके याहून फारशी निराळी नसतात. १९३२ च्या उन्हाळ्यात आतड्याच्या विकाराने ही मुलगी वारली. तेव्हा ती अवघी आठ वर्षांची होती.

अशा एका साध्या प्रगतिपुस्तकाची इतिहासाने दखल का घ्यावी, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर असे की, हीच मुलगी सात महिन्यांची असताना तिच्यात काहीतरी उणे आहे, अशी साक्ष एका न्यायालयात शपथेवर देण्यात आली होती. त्या साक्षीच्या आधारे तिच्या आईला पुन्हा कधीही मूल होऊ नये, असा निर्णय झाला. पुढे तो निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला आणि त्याच्या आधाराने हजारो स्त्री-पुरुषांवर त्यांच्या इच्छेविरुद्ध शस्त्रक्रिया झाल्या. साक्ष देणाऱ्यांत डॉक्टर होते, परिचारिका होती, समाजसेविका होती. त्यांतील बहुतेकांच्या मनात त्या आईविषयी वैरभाव नव्हता. आपण समाजाचे आणि तिचेही भलेच करीत आहोत, अशी त्यांची समजूत होती. म्हणूनच ही कहाणी आपण नीट ऐकावयास हवी.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. त्या काळचे 'मंदबुद्धी', 'जड बुद्धीचे' यांसारखे शब्द आज कानाला बोचतात. आपल्याकडेही कालपरवापर्यंत 'मतिमंद' हा शब्द सरकारी कागदपत्रांत सर्रास होता. आज आपण 'बौद्धिक दिव्यांग' म्हणतो. या लेखात जुने शब्द येतील ते केवळ त्या काळच्या माणसांचे मन कळावे म्हणून.

कॅरी बक

व्हिव्हियनच्या आईचे नाव कॅरी बक. तिचा जन्म १९०६ चा. वडिलांचे छत्र नाही, आई एमा अत्यंत गरीब. म्हणून लहानपणीच कॅरीला डॉब्ज नावाच्या एका कुटुंबाने सांभाळण्यासाठी घेतले. ती शाळेत जाऊ लागली, दरवर्षी वरच्या वर्गात गेली, शिक्षकांनी तिच्याविषयी चांगला शेरा दिला. सहाव्या इयत्तेच्या सुमारास डॉब्ज कुटुंबाने तिला शाळेतून काढून घरकामाला लावले. सांभाळलेली मुलगी आणि घरची मोलकरीण यांतले अंतर किती थोडे असते, हे आपल्याकडे वेगळे सांगावयास नको.

१९२३ च्या उन्हाळ्यात, सतरा वर्षांची असताना, कॅरीला दिवस गेले. डॉब्जबाईंच्या भाच्याने आपल्यावर बळजबरी केली, असे तिने पुढे सांगितले. घराण्याची अब्रू जाऊ नये म्हणून मुलगी दृष्टीआड करणे सोयीचे होते. डॉब्ज पतिपत्नींनी अर्ज केला की ही मुलगी मंदबुद्धी आहे, तिला फिट्स येतात, तिला संस्थेत ठेवावे. जानेवारी १९२४ मध्ये तशी नोंद झाली. मार्चअखेर व्हिव्हियनचा जन्म झाला. मूल डॉब्ज कुटुंबाकडेच राहिले आणि जूनमध्ये बाळंतीण कॅरीला लिंचबर्गजवळच्या सरकारी वसाहतीत पाठविण्यात आले. अपस्माराच्या रुग्णांसाठी आणि मंदबुद्धी माणसांसाठी ती वसाहत काढलेली होती. तिची आई एमा १९२० पासून तेथेच होती. माय-लेकींची भेट झाली ती अशी.

वसाहतीचे अधीक्षक डॉ. अल्बर्ट प्रिडी हे निष्ठेने काम करणारे गृहस्थ म्हणून ओळखले जात. मंदबुद्धी स्त्रियांना मुले झाली तर तीही तशीच निपजतील, राज्यावर भार पडेल, म्हणून अशा स्त्रियांची गर्भधारणाच कायमची थांबवावी, असे त्यांचे ठाम मत होते. कायदा होण्यापूर्वीच त्यांनी काही स्त्रियांवर अशा शस्त्रक्रिया केल्या होत्या आणि एका कुटुंबाने त्यांना त्यासाठी न्यायालयात खेचलेही होते. तेव्हा डॉक्टरांना कायद्याचे कवच हवे होते. ते मार्च १९२४ मध्ये मिळाले. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा संमत केला. हा कायदा न्यायालयात टिकतो की नाही हे पाहण्यासाठी एक खटला हवा होता, आणि त्यासाठी कॅरीची निवड झाली. आई मंदबुद्धी, मुलगी मंदबुद्धी, आता नातही तशीच आहे असे दाखविता आले की तीन पिढ्यांचा पुरावा पुरा होणार होता.

हे सारे एका लहरी डॉक्टरचे खूळ नव्हते. इंग्लंडमधील फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८३ मध्ये सुप्रजननशास्त्र या कल्पनेला नाव दिले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत ती जगभरच्या सुशिक्षितांच्या गळी उतरली. महाराष्ट्रही त्याला अपवाद नव्हता. कादंबरीकार ना. सी. फडके यांनी त्याच काळात भारतात सुप्रजननाची चळवळ उभी राहावी, अशी मागणी करणारा इंग्रजी ग्रंथ लिहिला होता. बियाणे निवडावे तशी माणसे निवडावीत, हा विचार त्या वेळी पुरोगामी आणि शास्त्रीय समजला जात होता. डॉक्टर, परिचारिका आणि समाजसेवक तोच विचार घेऊन आपापल्या कामावर जात होते.

साक्षी

शस्त्रक्रियेचा प्रस्ताव प्रथम वसाहतीच्या मंडळापुढे आला. तुला काही सांगावयाचे आहे काय, असे कॅरीला विचारण्यात आले. ती म्हणाली, "नाही. माझ्या माणसांनी ठरवायचे ते ठरवावे." अठरा वर्षांच्या त्या मुलीची 'माझी माणसे' कोण होती? आई त्याच वसाहतीत कोंडलेली, आणि सांभाळणाऱ्यांनी तर तिला तेथे पाठविलेले. तिच्या बाजूने नेमलेले वकील अर्विंग व्हाइटहेड हे त्याच वसाहतीच्या मंडळावर पूर्वी होते आणि ज्यांनी कायद्याचा मसुदा लिहिला ते ऑब्री स्ट्रोड त्यांचे जुने स्नेही होते. कॅरीच्या वतीने व्हाइटहेड यांनी एकही साक्षीदार उभा केला नाही.

नोव्हेंबर १९२४ मध्ये अॅमहर्स्ट येथील न्यायालयात सुनावणी झाली. तीत एक परिचारिका साक्षीस आली. एमा आणि तिच्या मुलांविषयी तिने पुष्कळ सांगितले. पण कॅरीविषयी विचारताच, ती आईपासून दूर गेल्यानंतरचे आपल्याला फारसे काही ठाऊक नाही, असे तिला कबूल करावे लागले. शिक्षकांपैकी कोणी कॅरीला शिकविलेले नव्हते. हॅरी लाफलिन नावाचे सुप्रजननशास्त्राचे नामांकित तज्ज्ञ तर न्यायालयात आलेही नाहीत. त्यांनी कॅरीला कधी पाहिले नव्हते. डॉ. प्रिडींनी पुरविलेल्या माहितीवर त्यांनी आपले मत लिहून धाडले, आणि दक्षिणेकडील आळशी, अडाणी व निरुपयोगी गोऱ्यांच्या वर्गातले हे कुटुंब आहे, असा शेरा त्यात होता. बुद्धिमापनाच्या चाचणीप्रमाणे कॅरीचे मानसिक वय नऊ वर्षांचे ठरले होते आणि एमाचे आठाच्या आतले. जिची शाळा सहावीत सुटली आणि जिचे उरलेले बालपण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात गेले, तिला त्या चाचणीतले प्रश्न कितपत परिचयाचे असतील, हा विचार कोणी केला नाही.

सर्वांत महत्त्वाची साक्ष रेड क्रॉसच्या समाजसेविकेची. व्हिव्हियनला तिने काही दिवसांपूर्वी पाहिले होते. बाळाच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळे भासते, पण ते नेमके काय हे सांगता येत नाही, अशा आशयाचे उत्तर तिने दिले. डॉब्जबाईंच्या मुलीचे बाळ जवळपास त्याच वयाचे होते. त्याच्याशी तुलना करता हे बाळ मागे वाटते, असेही ती म्हणाली. पुढे तिने प्रामाणिकपणे एक कबुली दिली. आपल्याला आईविषयी जे ठाऊक आहे त्यामुळे आपले मत कलुषित झाले असण्याचा संभव आहे.

ही कबुली त्या खटल्याचे मर्म आहे. बाळाला पाहण्याआधीच त्याच्या आईचा कागद वाचलेला होता. मग बाळाच्या चेहऱ्यात तोच कागद दिसू लागला. साक्ष खोटी देण्याचा तिचा हेतू नव्हता. ती आपल्याला दिसले तेच सांगत होती. परंतु माणसाला पुष्कळदा तेच दिसते, जे त्याने आधी मनात धरलेले असते.

आठ विरुद्ध एक

खटला वरच्या न्यायालयांत जाता जाता डॉ. प्रिडी वारले आणि त्यांच्या जागी डॉ. जॉन बेल आले. म्हणून हा खटला 'बक विरुद्ध बेल' या नावाने ओळखला जातो. २ मे १९२७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताने कायदा वैध ठरविला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स हे यादवी युद्धात लढलेले, तीनदा जखमी झालेले, देशातील अत्यंत आदरणीय कायदेपंडित. त्यांचा युक्तिवाद असा : राष्ट्र आपल्या उत्तमोत्तम नागरिकांना प्राणार्पण करावयास लावते, तर मग दुर्बलांकडून हा लहानसा त्याग का मागू नये? देवीची लस सक्तीने टोचता येते, त्याच तत्त्वाने गर्भनलिकाही कापता येतील. आणि शेवटी ते कुप्रसिद्ध वाक्य : मंदबुद्धींच्या तीन पिढ्या पुरे झाल्या.

विरोधात एकच मत पडले. ते न्यायमूर्ती पिअर्स बटलर यांचे. त्या नऊ न्यायमूर्तींत ते एकटे कॅथलिक होते. आपल्या मताची कारणे त्यांनी लिहिली नाहीत, त्यामुळे ते का वेगळे उभे राहिले याविषयी तर्कच करावा लागतो. धर्मश्रद्धेमुळे बटलर आपल्या बाजूने मत देतील की नाही, अशी शंका होम्स यांना मात्र आधीच होती, असे अभ्यासक सांगतात. पुढे ३१ डिसेंबर १९३० रोजी पोप अकरावे पायस यांनी 'कास्ती कोन्नुबी' हे विवाहविषयक परिपत्रक प्रसिद्ध केले. ज्याने कोणताही गुन्हा केलेला नाही त्याच्या देहाच्या अखंडतेला हात लावण्याचा अधिकार शासनाला नाही, मग कारण सुप्रजननाचे असो वा अन्य कोणतेही, असे त्यात स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. बहुतेक सुशिक्षित जग ज्या विचाराच्या बाजूने वाहत चालले होते, त्याविरुद्ध ख्रिस्तसभेने घेतलेली ती भूमिका होती.

परंतु हे वाचून आपण पाठ थोपटून घेऊ नये. आयर्लंडमध्ये धर्मभगिनींच्या देखरेखीखाली चालणाऱ्या मॅग्डलेन धुलाईगृहांत हजारो स्त्रिया कोंडल्या गेल्या. त्यांतले शेवटचे १९९६ मध्ये बंद झाले. कुमारी माता, अनाथ मुली आणि बुद्धीने कमी समजल्या गेलेल्या मुलीही त्यांत होत्या. २०१३ मध्ये आयर्लंडच्या पंतप्रधानांनी त्याबद्दल संसदेत माफी मागितली. तेव्हा तत्त्व बरोबर असले म्हणजे वागणूकही बरोबर असते, असे मानून चालत नाही.

पुढे काय झाले

१९ ऑक्टोबर १९२७ रोजी डॉ. बेल यांनी स्वतः कॅरीवर शस्त्रक्रिया केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला वसाहतीबाहेर कामाला पाठविण्यात आले. १९३२ मध्ये तिने लग्न केले. पतीच्या निधनानंतर, पुढे कितीतरी वर्षांनी, तिने दुसरे लग्न केले. ती घरकामे करी, म्हाताऱ्या-आजाऱ्यांची सेवा करी, चर्चच्या गायनवृंदात गात असे. आईला आपल्याकडे राहावयास आणता यावे म्हणून तिने वसाहतीला पत्रे लिहिली. उतारवयात तिला भेटलेल्या लोकांनी सांगितले की ती रोज वर्तमानपत्र वाचीत असे आणि शब्दकोडी सोडविण्यात तिला रस होता. २८ जानेवारी १९८३ रोजी ती वारली. शार्लट्सव्हिलच्या ज्या दफनभूमीत तिला मूठमाती मिळाली, तेथेच थोड्या अंतरावर व्हिव्हियनची कबर आहे.

कॅरीची धाकटी बहीण डोरिस हिची कथा आणखी हृदयद्रावक आहे. १९२८ मध्ये तिचेही निर्बीजीकरण झाले. तिला मात्र अपेंडिक्सचे ऑपरेशन म्हणून सांगण्यात आले. पुढे तिचे लग्न झाले. मूल व्हावे म्हणून पतिपत्नींनी वर्षानुवर्षे आस धरली. १९७९ च्या सुमारास, वसाहतीच्या नव्या संचालकांनी जुने कागद चाळले, तेव्हा तिला खरे कारण कळले. तोवर अर्धे शतक उलटले होते. ज्या परिचारिकेने तिला खोटे सांगितले असेल, तिला ते एक साधे, सोयीचे, कोणाला न दुखविणारे असत्य वाटले असेल.

इतिहासकार पॉल लोम्बार्डो यांनी या खटल्याचे कागद उकरून काढले, वकिलांमधले संगनमत उघड केले आणि व्हिव्हियनचे गुणपत्रकही शोधून काढले. शास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी त्यावर लिहिले. व्हर्जिनियाने हा कायदा १९७४ मध्ये रद्द केला. तोवर त्या एका राज्यात आठ हजारांहून अधिक आणि अमेरिकेत साठ हजारांहून अधिक माणसांचे निर्बीजीकरण झाले होते. जर्मनीत हिटलरच्या राजवटीने १९३३ मध्ये असाच कायदा केला आणि त्याखाली सुमारे चार लाख लोक भरडले गेले. स्वीडनसारख्या शांत, कल्याणकारी देशातही १९३० च्या दशकापासून १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे साठ हजार शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. २ मे २००२ रोजी, निकालाला ७५ वर्षे झाली त्या दिवशी, व्हर्जिनियाच्या राज्यपालांनी माफी मागितली. २०१५ मध्ये हयात असलेल्यांना प्रत्येकी २५ हजार डॉलर भरपाई देण्याचे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल आजवर स्पष्ट शब्दांत रद्द केलेला नाही.

एक अवघड प्रश्न

येथवर वाचून वाचक म्हणतील, केवढा हा अन्याय, ती मुलगी मंदबुद्धी नव्हतीच! हे खरे आहे. पण ते पुरेसे नाही. समजा, कॅरी खरोखरच बौद्धिक दिव्यांग असती, तर जे झाले ते योग्य ठरले असते काय? शार्लट्सव्हिलची कथा आपल्याला सोपी वाटते, कारण तेथे निदानच चुकले होते. निदान बरोबर असते, तेव्हा आपली खरी परीक्षा असते. आणि ती परीक्षा आपल्या देशात, आपल्या डोळ्यांदेखत दोनदा झाली आहे.

फेब्रुवारी १९९४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात, शिरूर येथील सरकारी वसतिगृहात राहणाऱ्या मतिमंद मुलींची गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. कारणे दोन सांगितली गेली : या मुलींना मासिक पाळीची स्वच्छता राखता येत नाही, आणि कोणी अत्याचार केलाच तर गर्भ राहू नये. बातमी फुटताच स्त्री-संघटना आणि अपंगांसाठी काम करणारे कार्यकर्ते खवळून उठले आणि उरलेल्या शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. तथापि अनेक सुजाण माणसांना, काही पालकांनाही, त्या वेळी ते योग्यच वाटले होते. थकलेल्या आईबापांच्या काळजीला हिणविण्याचे कारण नाही. परंतु दुसऱ्या कारणाचा अर्थ नीट पाहा. गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही. अत्याचाराचा पुरावा तेवढा थांबतो. पाळीचे कापड कसे बदलावे हे सावकाश शिकविण्याऐवजी शरीराचा एक अवयवच काढून टाकणे संस्थेला सोपे वाटले.

दुसरा प्रसंग चंदीगडचा. २००९ मध्ये तेथील सरकारी संस्थेत राहणारी एक अनाथ तरुणी अत्याचारामुळे गर्भवती असल्याचे उघडकीस आले. ती सज्ञान होती. तिला सौम्य स्वरूपाचे बौद्धिक अपंगत्व होते. प्रशासनाने गर्भपाताची परवानगी मागितली. उच्च न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने तिच्याशी बोलून नोंदविले की आपल्या पोटात बाळ आहे हे तिला कळते आणि ते तिला हवे आहे. तरीही उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मुख्य न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या पीठाने जुलैत तो आदेश स्थगित केला आणि २८ ऑगस्ट २००९ रोजी सविस्तर कारणे दिली.

न्यायालयाचा मुद्दा गर्भपात चांगला की वाईट, हा नव्हता. सज्ञान स्त्रीची संमती तिच्या अपंगत्वामुळे पुसून टाकता येत नाही, एवढाच तो मुद्दा होता. सौम्य वा मध्यम बौद्धिक अपंगत्व असलेली माणसे थोडी देखरेख आणि साहाय्य मिळाल्यास सर्वसाधारण जीवन जगू शकतात, असे न्यायमूर्तींनी म्हटले. आणि पूर्वी सुप्रजननाच्या नावाखाली अशा माणसांचे सक्तीने निर्बीजीकरण होत असे, ती पद्धत आपल्या घटनेतील समतेच्या तत्त्वाशी विसंगत आहे, असेही त्यांनी बजावले. कॅरी बकला तिच्या देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने जे नाकारले, ते ८२ वर्षांनी एका अनाथ भारतीय मुलीला मिळाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिने एका मुलीला जन्म दिला.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने यापुढचे पाऊल टाकले. दिव्यांग व्यक्तीच्या मुक्त आणि समजून दिलेल्या संमतीवाचून तिला वंध्यत्व येईल असा कोणताही वैद्यकीय उपचार करता येत नाही. आणि केवळ अपंगत्वाच्या कारणावरून, न्यायालयाच्या आदेशाशिवाय, दिव्यांग मुलाला आईबापांपासून तोडता येत नाही. कायदा असा स्वच्छ आहे.

प्रसूतिगृहाच्या दारात

कायदा मात्र प्रसूतिगृहाच्या दारापर्यंतच पोचवितो. आत काय होते ते तेथल्या माणसांच्या मनोवृत्तीवर अवलंबून असते. स्वीडनमध्ये काही वर्षांपूर्वी सुइणींच्या कामाचा एक मोठा अभ्यास झाला. बौद्धिक दिव्यांग गर्भवतींची सेवा करण्याचे शिक्षण आपल्याला मिळालेच नाही, असे जवळजवळ निम्म्या सुइणींनी सांगितले. अशा स्त्रिया आईची भूमिका नीट निभावू शकत नाहीत, असे सुमारे सत्तर टक्के सुइणींचे मत होते. त्याचबरोबर, योग्य आधार देऊन मूल आईबापांजवळच वाढावे, असे म्हणणाऱ्यांची संख्या निम्म्याहून अधिक होती. म्हणजे सहानुभूती होती. उणीव होती ती ज्ञानाची आणि सवयीची.

आपल्याकडचे चित्र डोळ्यांसमोर आणणे अवघड नाही. अशी स्त्री तपासणीला येते तेव्हा प्रश्न तिला विचारले जात नाहीत. सोबतच्या सासूला किंवा बहिणीला विचारले जातात. 'हिला काय कळणार?' हे वाक्य तिच्यादेखत, मोठ्याने बोलले जाते. कळा सुरू झाल्यावर काय होईल हे तिला कोणी सांगत नाही, म्हणून ती घाबरते, ओरडते; आणि मग तिचे ओरडणे हाच तिच्या असमर्थतेचा पुरावा ठरतो. बाळ रडू लागले की ते तिच्या हातून काढून घेतले जाते. बाळाला धरण्याची संधीच न मिळालेल्या बाईला बाळ धरता येत नाही, असा शेरा नंतर कागदावर उमटतो.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात गेल्या काही दशकांत अशा मातांसोबत दीर्घकाळ काम करणाऱ्या अभ्यासकांचा अनुभव याच्या उलट आहे. बाळाला अंघोळ घालणे, दूध पाजणे, ताप ओळखणे ही कामे लहान लहान टप्प्यांत, चित्रांच्या मदतीने, प्रत्यक्ष करून दाखवीत आणि पुन्हा पुन्हा सराव घेत शिकविली, तर बहुतेक माता ती शिकतात. केवळ बुद्ध्यंकाच्या आकड्यावरून कोण चांगली आई होईल हे सांगता येत नाही. गरिबी किती, घरात हिंसा आहे काय, हाकेला धावून येणारे माणूस आहे काय, यांवर अधिक अवलंबून असते. एकच परिचारिका दर भेटीला असावी, बोलणे साधे असावे, एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि तिला ती समजली की नाही हे तिच्याच तोंडून ऐकून घ्यावे. याला यंत्रसामग्री लागत नाही. वेळ मात्र लागतो, आणि तोच आपल्या भरगच्च प्रसूतिगृहांत सर्वांत दुर्मिळ असतो, हे मान्य केले पाहिजे.

कधी कधी सर्व आधार देऊनही मूल आईजवळ सुरक्षित राहू शकत नाही, हेही खरे. तेव्हा मुलाच्या हिताचा निर्णय घ्यावाच लागतो. परंतु तो निर्णय त्या आईला बाळाबरोबर पाहून, तिला शिकवून, तिला विचारून झाल्यानंतरचा असावा. फाईलवरचा एक शब्द वाचून घेतलेला नसावा.

आपल्या धर्मग्रामांतून किती मुली परिचारिका झाल्या आणि देशोदेशी गेल्या, याची गणती नाही. कोणाची बहीण, कोणाची मुलगी, कोणाची सून आज रात्रपाळीला एखाद्या प्रसूतिकक्षात उभी असेल. समाजसेविका, अंगणवाडीच्या बाई, धर्मभगिनी, डॉक्टर अशी कितीतरी माणसे आपल्याच घरांतली आहेत. न्यायमूर्तींची पाळी फार नंतर येते. एखाद्या आईकडे पहिली नजर टाकतात ती हीच माणसे. कॅरीच्या खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने नवे काही पाहिले नव्हते. एका समाजसेविकेने एका बाळाच्या चेहऱ्याकडे पाहून जे म्हटले, तेच वरवर चढत गेले आणि शेवटी देशाचा कायदा झाले.

'माझ्या माणसांनी ठरवायचे ते ठरवावे,' असे कॅरी म्हणाली होती. तिला माणसे नव्हती. आपल्या वस्तीतल्या अशा एखाद्या आईला ती असावीत, एवढे तरी आपल्या हाती आहे. तपासणीला जाताना तिच्यासोबत जाणे, प्रश्न आला की 'तिलाच विचारा' असे नम्रपणे सांगणे, बाळंतपणानंतर पहिले दोन महिने आळीपाळीने तिच्या घरी डोकावणे ही कामे कोणत्याही कुटुंबाला करता येण्याजोगी आहेत. बाळ शाळेत जाऊ लागले की त्याचे प्रगतिपुस्तक ती कौतुकाने घेऊन येईल. कदाचित त्यात गणितात गुण कमी असतील. व्हिव्हियनलाही गणितात कमीच मिळाले होते.